‘क्यू-आय’ला अकरा गुण, ‘वॉटर’ला आठ

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या टाइल जोडून पटावर इंग्रजी शब्द लावायचा खेळ, प्रत्येक अक्षराला ठरलेले गुण. त्या पटावर, गुण दुप्पट-तिप्पट करणारी रंगीत घरं सोडून, ‘वॉटर’ हा शब्द लावला तर ८ गुण मिळतात. ‘कॉटन’चे ८, ‘बनाना’चेही ८. पाणी, कापूस, केळी: खानदेशाचा सगळा संसार आठ-आठ गुणांत आटोपला. आणि ‘क्यू’च्या शेजारी ‘आय’ ठेवून दोनच अक्षरांचा शब्द केला की ११. हा शब्द चिनी परंपरेतल्या प्राणशक्तीसाठी इंग्रजीत आला, त्याचा उच्चार ‘ची’. रावेरपासून धडगावपर्यंतच्या शाळकरी मुलाला तो कधी बोलावा किंवा लिहावा लागेल, अशी शक्यता जवळपास नाही. तरी स्क्रॅबलच्या तयारीला बसवलेल्या मुलाला सुरुवातीलाच दोन अक्षरी शब्दांची जी यादी घोकायला देतात, तीत हा असतोच. यात पोरांची चूक नाही. ज्याला गुण त्याची तयारी, एवढं गणित ती पहिलीपासून जाणतात.

शाळांमधलं इंग्रजी सुधारावं म्हणून शब्दखेळांच्या स्पर्धा घ्याव्यात, ही सूचना हल्ली संस्थाचालकांच्या बैठकांत आणि आसपासच्या शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांत वरचेवर येते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावी संपवणारं मूल दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं आणि तरी बँकेची स्लिप भरताना शेजाऱ्याकडे बघतं. तेव्हा काहीतरी वेगळं करावं ही तळमळ खरी आहे. शब्दखेळ हवेत, स्पर्धाही हव्यात. पण त्यांचे आयते नियम उचलून आणले तर आपण पुन्हा पाठांतराचीच स्पर्धा घेऊ, फक्त पटावर. खेळायचंच असेल तर एक नियम आपला घालावा लागेल: शब्द लावणाऱ्याला तो सांगता आणि वापरता आला तरच गुण. बाकी सगळं या एका नियमाच्या मागून येतं.

मुळात गुणांची ही वाटणी आली कुठून? आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाच्या हाताला १९३० च्या दशकातल्या मंदीत काम नव्हतं, तेव्हा त्याने हा खेळ रचायला घेतला. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे ठरवायला त्याने वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजली. त्यातून १०० टाइलची पिशवी ठरली: ९८ अक्षरं आणि २ कोऱ्या, ज्या कोणत्याही अक्षराच्या जागी चालतात. ‘ई’ १२, ‘ए’ आणि ‘आय’ ९-९, ‘ओ’ ८. उलट ‘जे’, ‘के’, ‘क्यू’, ‘एक्स’, ‘झेड’ एकेकच. ‘एस’ इतकं वापरातलं अक्षर, पण तेही ४ वरच थांबवलं, नाहीतर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला ‘एस’ चिकटवून अनेकवचनावर गुण लाटत बसला असता. साधारण हिशेब असा, की जे अक्षर दुर्मीळ त्याला गुण जास्त. मोल अक्षराच्या टंचाईचं आहे. शब्द कामाचा की बिनकामाचा याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, आणि बट्सच्या हिशेबाने तो असण्याचं कारणही नव्हतं. त्याला लोकांची करमणूक करायची होती, सहावीच्या वर्गाला इंग्रजी शिकवायचं नव्हतं.

न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. खेळाचा फ्रेंच शब्दकोश पाठ केला आणि जिंकले. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तेच. थायलंड हा काही घरी इंग्रजी बोलणारा देश नव्हे, पण २००३ आणि २००९ चे इंग्रजी स्क्रॅबलचे जगज्जेते थाई होते. या माणसांच्या स्मरणशक्तीपुढे आणि गणितापुढे हात जोडावेत. मात्र ‘बघा, स्क्रॅबलने इंग्रजी कसं सुधारतं’ असं म्हणत हीच उदाहरणं भाषणात देणारे उलटा निष्कर्ष काढत असतात. भाषा न येता जिंकता येतं, हेच त्यातून सिद्ध होतं.

स्पेलिंग बीचं, म्हणजे ऐकलेल्या शब्दाचं स्पेलिंग मंचावर तोंडी सांगायच्या स्पर्धेचं, थोडं वेगळं आहे. अमेरिकेतली राष्ट्रीय स्पर्धा १९२५ पासून चालते. १९८५ मध्ये तिथे भारतीय वंशाचा मुलगा पहिल्यांदा जिंकला आणि पुढे या मुलांनी ती स्पर्धा जवळजवळ आपलीच करून टाकली. २०१९ मध्ये तर मुलं चुकेचनात, कठीण शब्द संपत आले, आणि आठ जणांना मिळून विजेते ठरवावं लागलं. आपल्याकडच्या पालकांपर्यंत एवढीच बातमी येते. त्याच स्पर्धेने २०१३ मध्ये अर्थाचे लेखी प्रश्न घातले आणि २०२१ पासून मंचावरच तोंडी अर्थ विचारायला सुरुवात केली, हे कुणी सांगत नाही. नुसत्या स्पेलिंगने भागत नाही हे मूळ स्पर्धेलाच ८८ वर्षांनी पटलं. आपण मात्र तिची जुनी आवृत्ती आणून लावतो. खानदेशात ‘बी’ म्हणजे ‘सुद्धा’. त्या हिशेबाने नाव बरोबर आहे: स्पेलिंग बी यावं, अर्थ बी यावा, वाक्य बी यावं.

आता तोंडी, चुकला तो बाद, या पद्धतीचा हिशेब मांडू. वर्गात ३० मुलं. दर फेरीत निम्मी गळतात असं धरा: ३०, १५, ८, ४, २. एकूण ५९ शब्द विचारले गेले. त्यातली १५ मुलं एकेक शब्द सांगून भिंतीला टेकली आणि उरलेला वेळ बाकीच्यांच्या टाळ्या वाजवत बसली. ज्यांना सरावाची जास्त गरज, त्यांचाच सराव सर्वांत कमी. त्याच ३० जणांना पाट्या द्या, २० शब्द सांगा, सगळे एकदम लिहितील आणि एकदम पाटी वर धरतील. अर्ध्या तासात ६०० प्रयत्न होतात, आणि कोणता शब्द निम्म्या वर्गाचा चुकतो ते शिक्षकाला एका नजरेत दिसतं. ‘बिलीव्ह’मध्ये ‘आय’ आधी की ‘ई’, हे तोंडी स्पर्धेत एका मुलापुरतं कळतं. पाट्यांवर सबंध वर्गाचं.

पाटीचा दुसरा फायदा कानाशी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याच्या छपराखाली पावसाचा ताशा चालू असला की माइकवरून आलेलं अक्षर ‘एम’ होतं की ‘एन’, ‘बी’ होतं की ‘डी’ की ‘व्ही’, हे परीक्षकाला छातीठोक सांगता येत नाही आणि तिथूनच भांडणं सुरू होतात. शब्द सांगणाऱ्याचाही प्रश्न असतो. मराठी तोंडात ‘व’ आणि ‘व्ह’ एकमेकांत मिसळतात. ‘वाइन’ म्हटल्यावर वेल लिहायचा की दारू? ‘वीक’ म्हणजे आठवडा की अशक्त? ‘सन’ म्हणजे मुलगा की सूर्य? म्हणून शब्द एकदा सुटा, एकदा वाक्यात आणि पुन्हा एकदा सुटा सांगायचा. अमेरिकेतल्या स्पर्धेत मुलाला अर्थ, व्युत्पत्ती, वाक्य, सगळं विचारायची मुभा असते. आपल्याकडे ती मुभा नियमपत्रकात छापली तरी मुलांना कुणी सांगत नाही, आणि परीक्षकाला उलटा प्रश्न विचारणं हा उद्धटपणा वाटून मूल गप्प राहतं.

इथे जरा थांबायला हवं, कारण खानदेशातल्या मुलाकडे एक भांडवल आहे ज्याकडे इंग्रजीच्या तासाला लक्ष जात नाही. देवनागरीची सवय अशी की दिसलं ते बोलायचं आणि ऐकलं ते लिहायचं. इंग्रजीत अक्षरं २६ आणि ध्वनी सुमारे ४४, त्यामुळे ही सवय तिथे पाय ओढते. पण अहिराणी घरातलं मूल घरी ‘डोया’ म्हणतं आणि वहीत ‘डोळा’ लिहितं, ‘काया’ म्हणतं आणि ‘काळा’ लिहितं. बोलायचं एक आणि लिहायचं दुसरं, ही कसरत ते दुसरी-तिसरीतच शिकलेलं असतं. ‘नाइफ’मधला न बोलला जाणारा ‘के’ समजावताना हाच धागा हातात घेतला, तर ‘इंग्रजी वेडपट आहे’ या वाक्यावर धडा संपणार नाही. घरच्या बोलीची लाज वाटायचंही एक कारण कमी होईल.

‘खेळात तास वाया जातो’ म्हणणाऱ्या पालकांसाठी एकच उत्तर पुरे आहे: दहावीची इंग्रजीची प्रश्नपत्रिका दाखवा. गाळलेली अक्षरं भरा, शब्द वर्णानुक्रमे लावा, दिलेल्या शब्दातल्या अक्षरांपासून किमान तीन अक्षरी चार शब्द बनवा, शब्दसाखळी पूर्ण करा. पहिलाच प्रश्न शब्दखेळाचा आहे. पुढे जाऊ.

साहित्य घरचंच करावं. केळीच्या खोक्याचा पुठ्ठा जळगाव जिल्ह्यात हवा तेवढा मिळतो. पटासाठी तो उत्तम. १५ बाय १५ घरं, एक घर २.२ सेंटिमीटरचं धरलं तर पट ३३ सेंटिमीटरचा होतो. टाइल २ सेंटिमीटरच्या. त्या मात्र या पुठ्ठ्याच्या करू नयेत, कारण तो आतून नळीदार असतो. इतका लहान तुकडा कापला की कडा फुटतात आणि आठवड्यात पापुद्रे निघतात. वहीचा पाठपुठ्ठा चालतो. लग्नपत्रिका सर्वांत बऱ्या, जाड आणि फुकट. पण पत्रिका वापरताना हमखास होणारी चूक अशी: पाठीमागची छपाई तशीच राहते, आणि ज्या टाइलच्या मागे गणपतीची सोनेरी सोंड आली आहे ती ‘ई’ आहे, हे पोरांना तिसऱ्या डावापर्यंत पाठ होतं. सगळ्या टाइलच्या पाठीला एकच कागद चिकटवा. ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ उलटे धरले, ‘एन’ आणि ‘झेड’ आडवे धरले की एकमेकांसारखे दिसतात, म्हणून अक्षराखाली रेघ ओढा. पिशवी कापडी आणि टाइल काढताना खांद्याच्या वर धरलेली. डोळे मिटून काढली तरी बोटांना शाईचा उठाव कळतो, म्हणून स्केचपेन चालेल, जाड रंग नको.

मग वेळ. स्पर्धेतल्या पूर्ण डावाला प्रत्येक बाजूस २५ मिनिटं असतात, दोघांची मिळून ५०. शाळेचा तास ३५-४० मिनिटांचा. त्यामुळे पूर्ण पिशवी घेऊन बसलेला वर्ग कधीच डाव संपवत नाही. शेवटची घंटा झाली की टाइल गोळा करायची घाई होते, दोन-चार बाकाखाली राहतात, आणि पुढच्या आठवड्यात पिशवीत ‘यू’ एकही नसतो. उपाय अर्ध्या पिशवीचा. ‘ई’ ६, ‘ए’ ५, ‘आय’ ४, ‘ओ’ ४. ‘एन’, ‘आर’, ‘टी’ ३-३. ‘एल’, ‘एस’, ‘यू’, ‘डी’, ‘जी’ २-२. ‘बी’, ‘सी’, ‘एम’, ‘पी’, ‘एफ’, ‘एच’, ‘व्ही’, ‘डब्ल्यू’, ‘वाय’, ‘के’ एकेक. झाली ४८, दोन कोऱ्या मिळून ५०. ‘जे’, ‘क्यू’, ‘एक्स’, ‘झेड’ काढून टाकले आहेत. ‘क्यू-आय’चा प्रश्नच मिटला. प्रत्येक बाजूस १२ मिनिटं. पहिला महिना रंगीत घरांशिवाय खेळा, कारण दुप्पट-तिप्पट करत बसण्यात इंग्रजीचा तास गणिताचा होतो.

५० मुलांच्या वर्गाला १० पट लागतात: एका पटाला दोन जोड्या आणि एक पंच. पंच विद्यार्थीच, दर डावाला बदलणारा. शिक्षक एकटे दहा पटांवर लक्ष ठेवू शकत नाहीत, आणि ठेवायला गेले तर एकाच पटावर अडकतात. जोडीत एकाने टाइल लावायच्या, दुसऱ्याने अर्थ आणि वाक्य सांगायचं. पुढच्या पाळीला अदलाबदल. ही अदलाबदल सक्तीची नसली तर हुशार मूल दोन्ही कामं करतं आणि जोडीदार टाइल सरळ करत बसतो. हातात सगळे स्वर आले तर पाळी सोडून टाइल बदलता येतात, पिशवीत किमान ७ उरल्या असतील तोवर. मुलं हा हक्क वापरत नाहीत, पाळी जाते म्हणून. दोन डाव हरल्यावर कळतं, तोवर सांगत राहायचं.

आता आपला नियम. शब्द लावला की पटावर राहतो, नाहीतर खेळ अडकतो. पण मराठीत किंवा घरच्या बोलीत अर्थ सांगितल्याशिवाय एकही गुण नाही. अर्थ आला तर टाइलचे गुण; बरोबर वाक्य केलं तर वर ५.

समजा एकाने ‘आर-ए-एम’ लावलं. समोरची जोडी लगेच ओरडते, नाव चालत नाही! कोश उघडला जातो आणि निघतो ‘मेंढा’. आयत्या नियमाने इथेच ५ गुण मिळाले असते, कारण शब्द कोशात आहे. आपल्या नियमाने लावणाऱ्याला आधी विचारायचं: अर्थ काय? ‘माझ्या भावाचं नाव’ म्हणाला तर शून्य, कोशात असला तरी. ‘मेंढा’ म्हणाला तर गुण. गंमत अशी की पुढच्या आठवड्यात तीन पटांवर ‘आर-ए-एम’ लागतो आणि तिन्हीकडे मेंढ्याचं वाक्य तयार असतं. ही नक्कल होऊ द्यावी.

वाक्याच्या नियमाला पोरं दुसऱ्याच दिवशी पळवाट शोधतात. ‘धिस इज अ’ आणि ‘आय लाइक’ यांच्या पुढे कुठलंही नाम बसतं. त्यामुळे प्रत्येक साचा एका डावात एकदाच, असं पोटकलम घालावं लागतं. तेवढ्यावर वाक्यं बदलतात: ‘माय आजी कुक्स’, ‘वुई प्लक कॉटन’. व्याकरण कच्चं असलं तरी क्रियापद आलं ना? सुरुवातीला चालवून घ्या. क्रियापदाला ‘एस’ का लागला आणि का नाही, हे त्याच वाक्यावर फळ्यापाशी सांगता येतं.

चॅलेंजच्या, म्हणजे समोरच्याच्या शब्दावर शंका घेऊन कोश उघडायला लावण्याच्या, बाबतीतही आयता नियम उलटवावा लागतो. स्पर्धांत चॅलेंज चुकलं तर बऱ्याच ठिकाणी दंड असतो. शाळेत दंड ठेवला तर भिडस्त मूल कधीच बोट वर करणार नाही, आणि या सगळ्या खेळात शिकणं जास्तीत जास्त कुठे होत असेल तर ते चॅलेंजनंतर कोश चाळताना. दंड नको, डावाला तीनच चॅलेंज एवढी मर्यादा पुरे, नाहीतर वेळ काढायला प्रत्येक शब्दावर शंका घेतली जाते. कोश उघडला की घड्याळ थांबवा. दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षराचा क्रम पक्का नसलेल्या मुलाला एक शब्द शोधायला दोन मिनिटं लागतात. ती लागू द्या. वर्णानुक्रमाचा याहून चांगला सराव नाही.

कोश प्रत्येक पटाला एक हवा. पट दहा आणि कोश शिक्षकांच्या टेबलावर एक, अशी मांडणी केली की चॅलेंज बंद पडतं, कारण उठून जायचा कंटाळा. मोबाइलवरचा कोश टाळावा. सातपुड्याच्या बऱ्याच पाड्यांवर रेंजचा भरवसा नसतो हे एक, आणि दुसरं जास्त वाईट: फोन चुकलेलं स्पेलिंग आपणच दुरुस्त करून अर्थ दाखवतो आणि पंच चुकीच्या शब्दाला मान्यता देतो. करंडकाचे पैसे कोशाला लावा.

डावाच्या शेवटी प्रत्येक जोडीने आपले शब्द वहीत लहान लिपीत (स्मॉल लेटर्समध्ये) लिहायचे: शब्द, अर्थ, वाक्य. हे वगळू नये. टाइलवरची अक्षरं मोठी असतात आणि पुस्तकातली लहान. पाचवी-सहावीतल्या मुलाला पटावर ओळखलेला शब्द धड्यात ओळखू येत नाही, असं सर्रास होतं.

कोणते शब्द यावेत, याचं धोरण शाळेनेच ठरवायला हवं. मायकेल वेस्ट यांनी ढाक्यात बंगाली मुलांना इंग्रजी शिकवताना नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता, आणि १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. साध्या इंग्रजी मजकुराचा सुमारे चार पंचमांश भाग एवढ्या शब्दकुटुंबांत (मूळ शब्द आणि त्याची रूपं) येतो. म्हणजे आठवीपर्यंत २,००० शब्द वापरता येणं हे उद्दिष्ट झालं, २०,००० ओळखणं नव्हे. त्यात गावची भर घाला. कापसावर फवारणी करणाऱ्या घरात कीटकनाशकाची बाटली असते. तिच्या त्रिकोणात लाल आणि पिवळ्याबरोबर ‘पॉयझन’, निळ्याबरोबर ‘डेंजर’, हिरव्याबरोबर ‘कॉशन’ असं छापलेलं असतं. ते वाचून बापाला सांगणारं मूल इंग्रजीचं खरं बक्षीस घेऊन आलं. पटावर ‘पॉयझन’चे ८, ‘डेंजर’चेही ८. ‘कॉशन’ मात्र सात अक्षरी. हातातल्या सातही टाइल एकदम लावल्या तर ५० चा बोनस. हा एक आयता नियम तसाच ठेवायला हरकत नाही. आणि साडी, रोटी, डाळ, नीम, लाख, ज्वारी हे आपले शब्द इंग्रजी कोशांत गेलेले आहेत. ‘जोवार’चं स्पेलिंग कोशात सापडल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. अर्ध्या पिशवीत ‘जे’ नाही, तेव्हा तो पाटीवर.

पटच हवा असंही नाही. नाव-गाव-फळ-फूल प्रत्येक घरात खेळलं जातं. तेच इंग्रजीत घ्या, पण रकाने बदला. मूळ रकाने सगळे नामांचे आहेत, आणि नामं मुलांना त्यातल्या त्यात येतातच. शेतातली वस्तू, स्वयंपाकघरातली वस्तू, क्रियापद, विशेषण असे चार रकाने करा. एकट्याला सुचलेल्या शब्दाला १०, दोघांचा सारखा आला तर ५, हा हिशेब पोरांना माहीतच आहे. खर्च एका कागदाचा. क्रियापदाच्या रकान्यात कोण अडतं ते पाहिलं की पुढच्या महिन्यात काय शिकवायचं ते ठरतं.

तालुक्याची स्पर्धा घ्यायची तर बाद फेरी नको. बुद्धिबळातल्या स्विस पद्धतीने १६ शाळा, प्रत्येकीची एक जोडी आणि एक पंच, ८ पट, ४ फेऱ्या. दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या जोड्या समोरासमोर येतात, कुणी घरी जात नाही, आणि चार फेऱ्यांनंतर अपराजित एखादीच उरते. एक फेरी पाऊण तासाची धरली तर खिचडीच्या सुट्टीसकट साडेदहा ते तीनमध्ये आटोपतं. पंचाने आपल्या शाळेच्या पटावर बसायचं नाही. जोडी कुणाची पाठवायची हे मुख्याध्यापकांवर सोपवलं तर दरवर्षी तीच दोन चुणचुणीत पोरं दिसतील आणि बाकी वर्ग प्रेक्षक. त्यापेक्षा आठवडाभर आधी सातवीच्या हजेरीपटावरचे दोन क्रमांक चिठ्ठी टाकून काढा. कोणाचाही नंबर लागू शकतो म्हटल्यावर शाळेला सबंध वर्ग तयार करावा लागतो.

शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेला पहिल्याच वर्षी आश्रमशाळेसमोर बसवू नये. २०० विरुद्ध ६० असा डाव झाला की हरलेली शाळा पुढच्या वर्षी येत नाही, आणि जिंकलेलीही काही शिकत नाही. पहिल्या वर्षी गट वेगळे, दुसऱ्या वर्षी दोन माध्यमांतल्या मुलांच्या मिश्र जोड्या. अक्कलकुवा-धडगावकडच्या मुलाच्या तोंडी पावरी किंवा भिली असते, मराठी शाळेत येते, बाजारात हिंदी आणि गुजराती. इंग्रजी त्याची पाचवी भाषा. त्याने कोऱ्या टाइलचा ‘एक्स’ करून ‘ॲक्स’ लावला, अर्थ पावरीत सांगितला आणि पंचाला पावरी येत नसेल तर? कुऱ्हाड चालवून दाखवावी, पाटीवर काढावी. गुण पूर्ण.

शाळाशाळांत जाऊन प्रवेश फी, पुस्तिका आणि तीन पायऱ्यांच्या परीक्षा विकणाऱ्या स्पेलिंग स्पर्धांबद्दल एवढंच, की पदक सगळ्यांना मिळतं आणि पुस्तिका पुढच्या वर्षी निकामी होते. त्या पैशात वर्गाला दहा कोश येतात.

या सगळ्याने काय होणार नाही तेही सांगितलं पाहिजे. शब्दखेळाने अर्ज लिहिता येत नाही, फोनवरचं इंग्रजी कळायला लागत नाही, धडा समजत नाही. आठवड्याला एक तास, त्याहून जास्त नको. आणि इंग्रजीच्या नादात मराठी मागे पडेल ही भीती इथे तरी लागू नाही, कारण प्रत्येक शब्दामागे मराठी किंवा बोलीतला नेमका प्रतिशब्द शोधावा लागतो. ‘कॉशन’ला ‘धोका’ म्हणणाऱ्याला पंच अडवतो, तेव्हा खल ‘सावधान’ आणि ‘धोका’ यांतल्या फरकाचाच होतो.

राहिला तारखेचा प्रश्न, आणि इथेच बहुतेक आयोजनं घसरतात. स्नेहसंमेलनाबरोबर उरकू म्हणून स्पर्धा जानेवारीत ठेवली जाते. तोवर कापसाची वेचणी होऊन गेलेली असते, तिच्यात ऑक्टोबरपासून किती तास बुडाले ते हजेरीपट सांगतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, पोरं बरोबर नेतात, आणि चिठ्ठीत निघालेला क्रमांक बारडोलीकडच्या फडात असतो. वर्गातले डाव जूनअखेरीस सुरू करा. श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या सणाचा रविवार आणि त्याच्या पुढचा सोमवार सोडा, पोळा सोडा. तालुक्याची फेरी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत.